चुलीतले सरपण कोणाचे? कुरखेड्याच्या जंगलातील एका हक्काची दीडशे वर्षे

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याच्या इंग्रजी मसुद्यात, कलम ३ मध्ये, एक देशी शब्द जसाच्या तसा बसवलेला आहे : निस्तार. कायदा म्हणतो की निस्तार हा गावाचा सामूहिक हक्क आहे, मग तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो. पूर्वीची संस्थाने, जमीनदाऱ्या आणि तत्सम मध्यस्थ राजवटींमध्ये जो निस्तार चालत आला, तोही त्यात धरावा.

जमीनदाऱ्या संपून ५५ वर्षे उलटल्यावर दिल्लीतल्या कायद्याला त्यांचे नाव का घ्यावे लागले? या प्रश्नाचे एक उत्तर गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागात, कुरखेड्याच्या परिसरात सापडते. आणि त्या उत्तराचा माग काढत गेले, की माणूस थेट स्वयंपाकघरात, चुलीपाशी पोहोचतो.

आज घरगुती ऊर्जा म्हटले की डोळ्यांपुढे विजेचे बिल येते, फ्रीजवरचे तारे येतात, छतावरचे सौर पॅनेल येते. ऊर्जा वाचवावी, तिचा वापर सुधारावा, ती कायम मिळेल याची तजवीज करावी, असे तीन उपदेश सर्वत्र ऐकू येतात. त्यांपैकी तिसरा उपदेश ऐकायला सर्वांत साधा आहे. पण ज्या घरात ऊर्जा तारेतून न येता मोळीच्या रूपाने डोक्यावरून येते, तिथे तो आधी मालकीचा प्रश्न होतो. जंगलात पडलेले वाळके लाकूड कोणाचे? उचलणाऱ्या बाईचे, गावाचे, जमीनदाराचे, की सरकारचे? कुरखेड्याच्या टापूत या प्रश्नाची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलली. चूल मात्र रोज दोन्ही वेळा पेटवावीच लागत होती.

कुरखेडा सती नदीच्या काठी आहे. भोवती धानाची शेती, बोड्या, तलाव, आणि त्यांना वेढून साग, मोह, ऐन, तेंदू, बांबू यांचे जंगल. ही झाडीपट्टी. येथे झाडीबोली बोलली जाते, गोंडी बोलली जाते, आणि पूर्वेकडे सरकावे तसतशी छत्तीसगढीही कानावर येते. जवळच वैरागडचा किल्ला आहे. इतिहासाची आवड असणाऱ्यांना वैरागड ठाऊक असते ते हिऱ्यांच्या खाणींमुळे. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत त्यांची नोंद घेतली. याच मुलखातल्या सरपणाची नोंद घ्यावी असे मात्र त्या काळी कोणाला वाटले नाही. ज्याची टंचाई नसते, ज्यावर कोणाचा वाद नसतो, त्याची दफ्तरे तयार होत नाहीत.

दफ्तर तयार झाले ते इंग्रजांच्या काळात. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. चांदा जिल्ह्याची जमाबंदी मेजर लुसी स्मिथ याने केली. त्याचा अहवाल १८६९ चा आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडचा वनप्रदेश लहान-मोठ्या जमीनदाऱ्यांमध्ये विभागलेला होता. आजच्या कुरखेडा आणि कोरची तालुक्यांत पळसगड, सोनसरी, कोटगूल ही त्यांतली काही नावे. या जमीनदारांना इंग्रजांनी जमिनीचे मालक म्हणून मान्यता दिली आणि बरेचसे जंगल त्यांच्याकडे राहू दिले.

मात्र मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची, ही अडचण जमाबंदीच्या अधिकाऱ्यांना जागोजागी भेटत होती. जंगल कागदावर मालगुजाराचे किंवा जमीनदाराचे असले, तरी गावातले प्रत्येक घर त्यातून सरपण आणत होते, कुंपणाला काट्या आणत होते, नांगराला लाकूड आणि छपराला बांबू व गवत घेत होते. गावाचा हा सगळा नित्य गुजारा ज्या एका शब्दात मावत होता, तो शब्द म्हणजे निस्तार. मग प्रत्येक गावाचा रिवाज लिहून घेण्याची पद्धत पडली. त्या लेखाला 'वाजिब-उल-अर्ज' म्हणत. शब्दश: अर्थ पाहिला तर 'मांडण्याजोगी गोष्ट'. काय विनामूल्य घ्यायचे, कशाला परवानगी लागेल, सागासारख्या इमारती झाडांना हात लावायचा की नाही, हे त्यात उतरत असे.

या नोंदींचे महत्त्व मोठे आहे, आणि त्यांतली उणीवही तितकीच बोलकी आहे. रिवाज विचारला गेला तो गावातल्या प्रमुख पुरुषांना. सरपण आणत होत्या बायका. कोणत्या नाल्याकाठी वाळके लाकूड मिळते, कोणते लाकूड धूर कमी करते, कोणते भराभर जळून जाते आणि कोणत्याचा निखारा सकाळपर्यंत टिकतो, हे ज्ञान ज्यांच्याकडे होते, त्यांची साक्ष त्या दफ्तरात नाही.

याच सुमारास दिल्लीहून, किंवा खरे तर कलकत्ता आणि सिमल्याहून, एक वेगळा विचार आकार घेत होता. १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. रेल्वेला स्लीपर हवे होते आणि जंगले झपाट्याने तुटत होती, त्यामुळे काही तरी नियमन हवे यावर सरकारी वर्तुळात एकमत होते. वाद होता तो नियमन कोणत्या पायावर करायचे याचा. बेडन हेन्री बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे असे, की पडीक जमीन व जंगल परंपरेने राजाचेच; लोक तिथून जे घेतात ती राजाने दिलेली सवलत. सवलत आहे, म्हणजे ती काढूनही घेता येते. उलट मद्रास सरकारचे मत असे, की लोकांची वहिवाट हाच हक्क आहे. ब्रँडिस मधल्या मार्गाचा होता. सरकारने मोजकीच जंगले ताब्यात घ्यावीत आणि गावांसाठी वेगळी जंगले राखावीत, असे त्याला वाटे. १८७८ चा वन कायदा झाला, तेव्हा पारडे बेडन-पॉवेलच्या बाजूला झुकले. राखीव वन आणि संरक्षित वन हे प्रकार सर्वत्र वापरात आले. 'ग्रामवन' नावाचा तिसरा प्रकारही कायद्यात होता. १९२७ च्या कायद्यात तो कलम २८ म्हणून पुन्हा आला. प्रत्यक्षात त्याचा वापर क्वचितच झाला.

हक्क आणि सवलत. संपूर्ण इतिहास या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

गंमत अशी, की ज्या इंग्लंडमधून हे राज्यकर्ते आले होते, तिथे सरपणाचा हक्क हा घटनात्मक इतिहासाचा भाग होता. मॅग्ना कार्टा सर्वांना माहीत असतो. १२१७ साली निघालेली 'वनाची सनद' फार थोड्यांना. राजाच्या जंगलात सामान्य माणसाला काय करता येईल, हे त्या सनदेत सांगितले होते. घरासाठी, जळणासाठी सामाईक रानातून लाकूड घेण्याच्या हक्काला तिकडे 'एस्टोव्हर' म्हणत, आणि मॅग्ना कार्टाच्या १२१७ च्या आवृत्तीत विधवेला असा वाजवी वाटा मिळावा, अशी तरतूद घातली गेली होती. एस्टोव्हर आणि निस्तार ही एकाच गरजेची दोन नावे म्हणावीत इतकी जवळची आहेत. जर्मनीतही हा वाद पेटला होता. ऱ्हाइन प्रांतात पडलेले लाकूड उचलणे चोरी ठरवणाऱ्या कायद्यावर चर्चा झाली होती; १८४२ मध्ये कार्ल मार्क्स नावाच्या २४ वर्षांच्या पत्रकाराने त्यावर सडकून टीका करणारे लेख लिहिले. अर्थशास्त्राकडे आपण वळलो त्यात या लाकूडचोरीच्या प्रकरणाचा वाटा होता, असे त्याने पुढे स्वत:च नमूद केले.

हिंदुस्थानात सरकारलाच लवकर एक इशारा मिळाला. डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनतज्ज्ञाला येथील शेतीची पाहणी करायला बोलावले होते. त्याचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या का जाळतो, याचे उत्तर त्याने शोधले. अज्ञानामुळे नव्हे, लाकूड मिळत नाही म्हणून. चुलीत गेलेले शेण हे शेतातून गेलेले खत होय. म्हणून गावांसाठी खास जळण व चाऱ्याची राने उभारावीत, अशी त्याची शिफारस होती. १८९४ च्या वननीतीत तिचे पडसाद उमटले. जंगलांच्या चार वर्गांपैकी एक वर्ग स्थानिक गरजांच्या लहान जंगलांचा ठेवला गेला. स्वयंपाकघरातली ऊर्जा आणि शेतातली सुपीकता एकाच साखळीत आहेत, हे सरकारी कागदावर आले ते तेव्हा. अंमल मात्र लाकूड विकणाऱ्या वर्गांचाच जोरात झाला.

त्या असंतोषाला तोंड फुटले १९३० मध्ये. विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचा सत्याग्रह करायचा कसा? लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. मध्य प्रांत-वऱ्हाडात ही लाट पसरली. मीठ जसे समुद्रकाठच्या माणसाला फुकट मिळायला हवे, तसे गवत आणि सरपण जंगलाकाठच्या माणसाला, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

घराच्या ऊर्जेत उष्णता येते तसा उजेडही येतो. झाडीपट्टीत मोहाचे झाड फुलांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्याच्या बिया, म्हणजे टोळी, तेलासाठी वेचल्या जातात. ते तेल स्वयंपाकात वापरत, अंगाला लावत, दिव्यातही घालत. करंजीचे तेलही दिव्याला चाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिका, रशिया आणि मग ब्रह्मदेशातून रॉकेल येऊ लागले. त्याचा उजेड अधिक, कटकट कमी. गावोगावच्या घाण्यांचा दिव्यापुरता धंदा बसला. आणि उजेडासाठी घरातून रोख पैसा बाहेर जाऊ लागला. जिथे रोख पैसा वर्षातून एक-दोनदाच हातात येतो, तिथे ही लहान गोष्ट नव्हती.

या प्रश्नावर काम झाले ते वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे ठाणे मगनवाडीत होते. मगनलाल गांधींच्या नावाची ही जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा अर्थतज्ज्ञ मगनवाडीत घाणी, कागद, चूल आणि दिवा यांच्यावर प्रयोग करवून घेत होता. तिथे 'मगन दीप' तयार झाला : रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर चालणारा कंदील. 'मगन चूल' तयार झाली : धूर स्वयंपाकघरात न सोडता बाहेर नेणारी मातीची चूल. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

कुमारप्पांनी १९४० च्या दशकात तुरुंगात असताना 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले. त्यात साठा संपत जाणारी साधने आणि पुन:पुन्हा भरून येणारी साधने यांत त्यांनी भेद केला. कोळसा आणि खनिज तेल हे साठे. वारा, वाहते पाणी, वाढते जंगल हे प्रवाह. साठ्यांवर बेतलेली व्यवस्था भांडणाकडे जाते, असे त्यांचे मत. आज 'अक्षय ऊर्जा' हा शब्द रोजचा झाला आहे; तो विचार वर्ध्याच्या कंदिलात ऐंशी वर्षांपूर्वी पेटला होता. मगन दीप मात्र टिकला नाही. रॉकेल स्वस्त होत गेले, पुढे ते रेशनवर आले, आणि चांगला वनस्पती-तेलाचा कंदील हा संग्रहालयातला नमुना होऊन बसला. तो आणखी सुधारता आला असता की नाही, हा प्रश्नच कोणी विचारला नाही, ही त्यातली खरी हानी.

चांदा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला याच काळात साठ्यांचीच व्यवस्था वाढत होती. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ मध्ये सुरू झाली. पुढे बल्लारपूर आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या इतर खाणी आल्या. या कोळशाने रेल्वे धावली, गिरण्या चालल्या. त्याच जिल्ह्याच्या जंगलपट्टीत चूल लाकडावर आणि दिवा तेलावर राहिला.

आता १९५१. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. १९५० च्या कायद्याने मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या रद्द झाल्या. ३१ मार्च १९५१ पासून त्या सरकारजमा झाल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोठे मुक्तीचे पाऊल होते, त्याबद्दल वाद नाही. पण पळसगड वा कोटगूलच्या जमीनदाराचे जंगल आता राज्याचे झाले, आणि त्याबरोबर गावाचा निस्तारही एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेला. पहिला मालक शेजारी राहत होता. त्याच्याशी भांडता येत होते, त्याला गावची गरज होती. दुसरा मालक म्हणजे एक खाते होते. त्याचा नाकेदार बदलून जात होता आणि नियमपुस्तक कुठल्या तरी दूरच्या शहरात छापले जात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. तीन राज्यांच्या हाताखालून हे दफ्तर गेले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये निस्तारासाठी स्वतंत्र तरतूद आहे. कलम १६१ म्हणते, प्रत्येक गावच्या बिनभोगवट्याच्या जमिनीच्या व्यवस्थेसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी 'निस्तार पत्रक' तयार करावे. त्यात चराई, लाकूड, जळण या बाबी याव्यात. कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जही आहे. शब्द टिकले. मात्र ज्या जमिनीवर ते लागू होणार, तिच्यातला मोठा भाग वनखात्याच्या नकाशात गेला असेल, तर पत्रक कशाचे करायचे?

धोरणाचा सूरही बदलत गेला. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने बजावले, की एखादे गाव जंगलालगत वसले आहे एवढ्या योगायोगाने संपूर्ण देशाचा त्या संपत्तीवरील हक्क बाधित होऊ नये. हा युक्तिवाद ऐकायला न्याय्य वाटतो. पण कोळशाची खाण ज्या गावाखाली सापडते त्या गावाला 'देशासाठी' उठावे लागते, आणि जंगल ज्या गावाशेजारी असते त्या गावाला 'देशासाठी' सरपण सोडावे लागते, हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवले की योगायोगाचे ओझे कोणाच्या माथी पडते ते दिसते. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ग्रामीण जनतेला वनोपज फुकट मिळते, तिला हक्क व सवलती आहेत, यामुळेच जंगलांचा नाश झाला आणि ही प्रक्रिया उलटी फिरवायला हवी, असा त्याचा निष्कर्ष होता. बांबूची दीर्घ मुदतीची कंत्राटे कागद गिरण्यांना त्याच काळात दिली जात होती. त्यांचा हिशेब त्या निष्कर्षात शोधावा लागतो.

यानंतर चूल सुधारण्याची मोहीम आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे प्रत्यक्ष मोजले. आकडे शहरांतल्या प्रदूषणालाही मागे टाकणारे निघाले. तोवर चुलीचा धूर ही कोणाला मोजण्याजोगी गोष्टच वाटली नव्हती. १९८३-८४ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. जुन्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा साधारण दहावा भाग भांड्यापर्यंत पोहोचतो. तो दुप्पट करता आला, तर मोळी अर्धी होते, असे गणित होते.

गणित चुकीचे नव्हते. ते अपुरे होते. जंगलातल्या घरात चूल फक्त अन्न शिजवत नाही. ती थंडीत घर उबदार ठेवते. पावसाळ्यात ओले सरपण आणि कपडे तिच्याभोवती वाळतात. छपरात मुरणारा धूर बांबूला आणि वासांना कीड लागू देत नाही. धूर नळीतून बाहेर गेला की डोळे सुखावतात, पण बांबूला भुंगा लागू शकतो. शिवाय चूल अनुदानावर, उद्दिष्टाच्या आकड्यांवर बांधली जाई. भांड्याचा आकार, लाकडाची लांबी, नळी साफ कोण करणार, या गोष्टी बांधून झाल्यावर आठवत. कित्येक चुली काही काळातच फुटल्या किंवा बाजूला पडल्या. २००२ मध्ये कार्यक्रम बंद झाला.

विजेची कथा याच सुमाराची. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८३ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. शेजारच्या नव्या जिल्ह्यात वीज 'पोहोचली' की नाही हे ठरवण्याची व्याख्या मात्र मजेशीर होती. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत मानले जाई. शिवारातला एक पंप पुरे. २००४ मध्ये व्याख्या बदलली, तेव्हाही अट दहा टक्के घरांची होती. उरलेल्या नव्वद टक्के घरांत चिमणी असली, तरी गाव उजळलेले.

१९८० च्या दशकातच गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही धरणे प्रस्तावित झाली. पाणी आणि वीज यांसाठी दक्षिण गडचिरोली व बस्तरमधले विस्तीर्ण जंगल बुडणार होते. 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्याम शहा त्यात होते. धरणे झाली नाहीत. पण त्या आंदोलनातून निघालेला एक धागा कुरखेड्याच्या दक्षिणेला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात पोहोचला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासमंडळे चालू झाली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे ठरले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली.

घोषणा प्रसिद्ध आहे. तिच्यामागचे कष्टाळू काम कमी प्रसिद्ध. गावाने आपले जुने निस्तार हक्क समजून घेतले. जंगलातून काय घ्यायचे आणि काय नाही, याचे नियम ग्रामसभेने स्वत:वर घातले. जंगलाला आग लावायची नाही. बाहेरच्याला लूट करू द्यायची नाही. हक्क मागणाऱ्याने बंधनही स्वीकारायचे. १९७६ च्या आयोगाने ज्या फुकटेपणाला दोष दिला होता, त्याला इतके नेमके उत्तर दुसरे नाही. निस्तार म्हणजे मोकाट उचल कधीच नव्हती. वाजिब-उल-अर्जातही काय घेऊ नये याची यादी होतीच.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वारे फिरवले. जंगलात व जंगलालगत राहणाऱ्या आदिवासींची सरपण, चारा, गौण वनोपज आणि घरबांधणीच्या लाकडाची घरगुती गरज ही वनउपजावरील पहिली आकारणी असावी, असे तिने म्हटले. एका शतकानंतर चुलीला पहिला क्रमांक मिळाला. पण नीती म्हणजे कायदा नव्हे. कायदा यायला २००६ उजाडले, आणि या लेखाच्या सुरुवातीचे कलम अस्तित्वात आले. 'जमीनदारी' हा शब्द तिथे का हवा होता, हे आता स्पष्ट व्हावे. जमीनदारीच्या काळात चाललेला निस्तार १९५१ मध्ये राज्याकडे जाताना कागदोपत्री जिथे हरवला, त्याच जागी कायद्याला बोट ठेवायचे होते.

२००९ मध्ये मेंढा (लेखा) आणि मारदा या गावांना देशात सर्वप्रथम सामूहिक वनहक्क मिळाले; मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर. तरी बांबू विकण्याचा वाहतूक परवाना कोण देणार, यावर अडले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीत दाव्यांचा ओघ वाढला. कुरखेडा आणि कोरची तालुक्यांतल्या ग्रामसभांनाही हक्क मिळाले. १९८० च्या दशकापासून कुरखेड्यात काम करणाऱ्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेने त्या कामात साथ दिली. आरोग्याची संस्था जंगलाच्या दाव्यांकडे का वळावी, हा प्रश्न धुराने भरलेले स्वयंपाकघर पाहिलेल्याला पडणार नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी या घरांत आली. चहा, पाहुण्यांचे जेवण, पावसातली घाई यांसाठी ती वापरली जाते. धूर कमी झाला, हे खरेच. पण पहिली टाकी संपल्यावर दुसरी रोख पैशांत भरावी लागते. सरपणाला पैसे पडत नाहीत. पडतात ते पाय आणि तास. रॉकेल आले तेव्हाचाच हा हिशेब, फक्त वस्तू बदलली. म्हणून शेगडीच्या शेजारी चूल टिकून आहे.

आणि मोळीची किंमत नेहमी पाय व तासांतच मोजली जाते असेही नाही. कुरखेडा ज्या वडसा वनविभागात येतो, तिथे अलीकडच्या वर्षांत वाघांची संख्या वाढली. जंगलात सरपण, मोहफूल, तेंदूपान गोळा करणारी माणसे आणि वाघ एकाच वेळी, एकाच झुडपात येऊ लागली. सीटी-१ या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मिळून १३ जणांचा जीव घेतल्याची नोंद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो वडसा भागात जेरबंद झाला. रोज एकटीने मोळीसाठी जंगलात शिरणे, की मोसमात चार दिवस सर्वांनी मिळून जाऊन वर्षाचे सरपण गाडीने आणणे, यात जिवाचा फरक पडू शकतो.

म्हणून वनहक्क नियमांतली एक बारीक दुरुस्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. कायद्याच्या गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि बुंधे येतात. पण ते आणायचे कसे? १ जानेवारी २००८ रोजी लागू झालेल्या नियमांत वाहतुकीची साधने मोजून सांगितली होती : डोक्यावरचे ओझे, सायकल आणि हातगाडी. बैलगाडी त्या यादीत नव्हती. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने ही तीन नावे काढून तिथे 'वाहतुकीची योग्य साधने' असे शब्द घातले, आणि जंगलाच्या आतच नव्हे तर बाहेरही, अशी जोड दिली.